पंचफुलाबाईचं रीळ

कंदिलाची वात जरा कमी करा, पोरांनो, आणि नीट ऐका. हे आपल्या कमलाकांतचं. मला त्यानं एकदाच सांगितलं, तेही मान खाली घालून.

सन बासष्ट. कमलाकांत कलकत्त्याहून शिकून परतला तो सिनेमाचं वेड घेऊनच. मित्राचा चावीचा कॅमेरा मागून आणला आणि तेल्हाऱ्याजवळच्या एका खेड्यात कापूस वेचणाऱ्या बायांवर छोटासा सिनेमा काढायला घेतला. आपली माणसं साऱ्या देशाला दाखवायची, हा त्याचा ध्यास. शेवटच्या दिवशी फिल्म संपली, आणि नेमकी तेव्हाच म्हातारी पंचफुलाबाई ठेवणीतलं लुगडं नेसून ओट्यावर येऊन बसली.

"माहाबी घे, बापा. शेषराव माहा फौजेत हाय. त्याले दिसन त माय."

भोवती सगळं गाव जमलेलं. नाही म्हणायला कमलाकांतची जीभ रेटेना. त्यानं चावी भरली आणि कॅमेरा रिकामाच फिरवला. बाई कापसातला काडीकचरा निवडत हसली.

"झालं?"

"झालं, मावशी."

ते हसू त्याला झोपू देईना. महिन्यानं नवं रीळ घेऊन तो पुन्हा निघाला. मार्गशीर्ष अमावास्या होती, बुधवार. एसटी दर्यापूरला बिघडली, गावात पोचेतो चांगलीच रात्र झाली. पंचफुलाबाई ओट्यावरच होती. बाजूला कंदील, मांडीशी कापूस.

"मावशी, उद्या सकाळी काढतो. आता उजेड नाही."

"मांगं त फिलिम बी नवती. तरी काढलाच ना फोटो?"

कमलाकांतची कानशिलं तापली. हिला कोणी सांगितलं? त्यानं तर कोणालाच...

"घे आता. मले लय थांबता येत नाही."

त्यानं चावी भरली. कॅमेरा घरघरला. बाईनं वर पाहिलं नाही. पुंजका उचलायचा. काडी काढायची. ढिगावर टाकायचा. पुन्हा पुंजका...

रीळ संपलं. त्यानं कॅमेऱ्यावरून डोळा हटवला.

ओटा रिकामा. कंदील नाही. कापूस नाही.

शेजारच्या दुर्गाबाईनं दार किलकिलं केलं. "कोनासंग बोलून रायला, बापा?"

"पंचफुलामावशींशी..."

दुर्गाबाईनं दार पुरतं उघडलं.

"थे त सोमवारीच गेली. मरेपर्यंत एकच. शेषरावले फोटो पोचला का..."

फाल्गुनात शेषराव रजेवर आला. ओट्यासमोर धोतराचा पडदा बांधून कमलाकांतनं त्याला सिनेमा दाखवला. आधी रिकाम्या कॅमेऱ्याचं सगळं सांगून टाकलं. शेषरावनं फक्त कंदील बारीक केला. शिवी दिली असती तर बरं झालं असतं, कमलाकांत म्हणायचा.

मग शेवटचं रीळ लागलं. अंधारात काढलेलं. काळंच यायला हवं होतं.

पडद्यावर ओटा दिसला. लख्ख.

बाई नव्हती.

नुसता कापूस... आणि त्या ढिगावर, एकामागून एक, निवडलेला पुंजका पडत होता.