माजघराची लांबी

सोलापुरात बघण्यासारखं काय आहे, असं पुण्याचे पाहुणे विचारतात तेव्हा माझं डोकं फिरतं. किल्ल्याशेजारची बाग, तळ्याचा काठ, बाळीवेशीतली दगडी जोत्यांची घरं, यातलं त्यांना काही दिसतच नाही. म्हणून गेल्या साली, १९७६ला, जुन्या घरांची आणि बागांची यादी करायचं काम निघालं, तेव्हा मी ते मागून घेतलं. मी नकाशे काढणारा माणूस. अर्ध्या इंचाची चूक झाली तरी मला जेवण जात नाही.

टेप धरायला कुंडलिक होता. सांगोल्याकडचा, माझ्याच वयाचा, बहात्तरच्या दुष्काळात शहरात आलेला. टेपचं शून्याचं टोक तो भिंतीला लावायचा आणि ‘धरलंय’ म्हणायचा. मग मी दुसऱ्या टोकाला आकडा वाचायचो. दुपारी बागेत कडुनिंबाखाली बसून आम्ही त्याच्या बायकोनं, बजाबाईनं, दिलेली कडक भाकरी आणि शेंगाची चटणी खायचो. चार महिन्यांत टेपवरचा त्याचा हात एकदाही हलला नाही.

बाळीवेशीतलं एक घर मी मुद्दाम मागे ठेवलं होतं, गोड घास शेवटी खावा तसं. सागवानी खांब, खांबांवर कोरलेले मोर, आणि चेहरा दिसेल अशी लखलखीत शहाबादी फरशी. मालक दुधनीला राहायला गेले होते. राखण रेवणप्पा करायचे, सत्तरीचे, कपाळावर भस्माचे पट्टे. ते ओसरीच्या आत पाऊल टाकत नसत. मग आतली फरशी कोण पुसतं, असं मी विचारलं.

“एक बघा सायेब,” ते म्हणाले, “हितनं निगताना येतो म्हनू नका. जातो म्हना.”

“असं कुठं असतं, रेवणप्पा?”

“आमच्या कानडीतबी बर्तीनीच म्हन्तेत, येतो म्हनूनच. पन ह्या घरात न्हाय.”

मला हसू आलं. संध्याकाळी माजघराची लांबी तेवढी राहिली होती. उजेड गेला म्हणून आम्ही निघालो. उंबऱ्यावर मी म्हाताऱ्याचं मन राखायला ‘जातो’ म्हटलं. कुंडलिकची जीभ मात्र वळेना. त्याचा बाप दुष्काळात खडी फोडायला निघाला तेव्हा गडबडीत ‘जातो’ म्हणून गेला होता. तो परत आला नाही.

“तेवडं सोडून कायबी सांगा,” असं म्हणून कुंडलिकनं आत तोंड करून हात जोडले. “येतो.”

रेवणप्पांनी डोळे मिटून घेतले.

पाचव्या दिवशी बजाबाई माझ्या दारात आली. मधल्या दिवसांत मी तापानं अंथरुणावर होतो, काम बंद होतं.

“काम बंद हाय न्हवं? मग हे रोज कुटं जात्यात?” ती म्हणाली. “इचारलं तर म्हनत्यात, येतो म्हनून आलोय, जाया पायजे की. चार दिस झालं, अन्नाला शिवलं न्हाईत.”

मी तसाच उठलो. कुंडलिक त्या घराच्या ओसरीवर बसला होता. गाल बसले होते. मला बघून त्याला बरं वाटलं, एवढं मला दिसलं.

“जातो म्हण,” मी त्याला उंबऱ्याशी उभं केलं. “एकदाच. मग सुटलास.”

त्यानं तीनदा तोंड उघडलं. मानेवरून घाम ओघळत होता. मला त्याचा राग आला, आणि त्याहून जास्त त्याची कीव आली.

“सायेब, बाप दिसतोय वो,” तो म्हणाला.

आणि मग, माझ्याकडे न बघता, “येतो.”

दुसऱ्या दिवशी त्याच्या चपला ओसरीवर होत्या. दाराला बाहेरून कुलूप होतं. पोलिसांनी माळा, आड, धान्याचं बळद, सगळं पालथं घातलं. काही सापडलं नाही. बजाबाई पायरीवर बसून राहिली. जुन्या घरांचं एवढं कौतुक करणारा मी. एका घराकडून एक माणूस मला परत मागता आला नाही.

महिन्यानं यादी मागितली गेली. माजघराची लांबी बाकी होती. एकटाच गेलो. दुपारचे तीन वाजले होते.

पलीकडच्या भिंतीशी शून्याचं टोक जमिनीवर ठेवलं, वर दगड ठेवला, आणि टेप सोडत दारापर्यंत आलो. टेप फरशीवर सैल पडला होता.

मग तो उचलला गेला. कमरेइतका. ताठ झाला.

भिंतीशी कोणी नव्हतं.

सवयीनं माझ्या तोंडून गेलं, “धरलंय का?”

“धरलंय.”

कुंडलिकचाच आवाज. नेहमीसारखा, जरा कंटाळलेला.

अठरा फूट तीन इंच. मी वहीत लिहिलं. आकडा वाकडा आला.

टेप गुंडाळून उंबऱ्याशी आलो. बाहेर रेवणप्पा माझ्या ओठांकडे बघत उभे होते. काय म्हणायचं ते मला पाठ होतं. पूर्वी एकदा हसत हसत म्हटलंही होतं.

पण आता आत कुंडलिक होता. त्याला ‘जातो’ कसं म्हणू?

“येतो,” मी म्हणालो.

“या की,” आतून उत्तर आलं.

तो आवाज कुंडलिकचा नव्हता.