गुंडाळायची राहिलेली टेप

आईचा एक हट्ट होता. एका गिऱ्हाइकाचं माप घेतलं की टेप पूर्ण गुंडाळून टेबलावर ठेवायची आणि मगच ती उलगडून दुसऱ्याच्या अंगाला लावायची. मग दुकानात कितीही गर्दी असो! "पण का?" असं बुटकीने विचारलं की आई दातांतल्या टाचण्या सांभाळत म्हणायची, "मला शिवण शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलंय. मी कारण विचारलं तेव्हा हातावर पट्टी बसली होती. तुला हवीय?"

बुटकी हे नाव ताईने ठेवलेलं. वर्गाच्या फोटोत ही कायम पहिल्या रांगेत, त्यामुळे नाव चिकटलं ते चिकटलंच.

ताईला सातवा महिना लागला होता. भावोजी जहाजावर, म्हणून ती इथेच राहायला आली होती. दवाखान्यात सिस्टर तिला आडवं करून ओटीपोटाच्या हाडापासून वरच्या उंचवट्यापर्यंत टेप लावायच्या. जितके आठवडे, साधारण तितके सेंटिमीटर. सोप्पं! बाकावर बसून, पाय फरशीवर आपटत, बुटकीने ते एकदाच बघितलं आणि दर रविवारी घरीही माप घ्यायचं ठरवून टाकलं. आईची शिवणाची जुनी टेप चालते की! ताईचं पोट मोजायचं आणि ती उघडी टेप तशीच गळ्यात टाकून दाराच्या चौकटीपाशी धावायचं, स्वतःची उंची मोजायला.

"आधी गुंडाळ!" आई ओरडायची.

"हो गं, हो!" म्हणायचं आणि नाही गुंडाळायची.

दुसऱ्याच रविवारी चौकटीवरची पेन्सिलची खूण बोटभर वर सरकली. मग आणखी बोटभर. बुटकी हवेत! आईने शाळेच्या स्कर्टची दुमड उसवून खाली सोडली. व्हॉलीबॉलच्या सरांनी तिला चक्क जाळ्यापाशी उभं केलं आणि शनिवारच्या सामन्यात घ्यायचं कबूल केलं.

"आता मला बुटकी म्हणायचं नाही, सांगून ठेवते."

"बरं बाई, उंटीण म्हणते," ताई म्हणाली. पण तिचं हसू अर्ध्यातच विरलं. हात पोटावर होता.

पोटाचं माप पुढे सरकतच नव्हतं.

डॉक्टरबाईंनी सोनोग्राफी केली. बाळाचं डोकं, मांडीचं हाड, पोटाचा घेर... पडद्यावर एकेक रेघ ओढता ओढता त्यांचं बोलणं कमी होत गेलं. जेलचा गार वास खोलीभर पसरला होता.

"वाढ मागे पडलीय," त्या शेवटी म्हणाल्या. "बीपी ठीक, रक्त ठीक, नाळेतला रक्तप्रवाहही उत्तम. मग याच्या वाटणीचं जातंय कुठे?"

"म्हणजे आता काय?" ताईचा आवाज एवढासा झाला.

"दोन आठवडे बघू. नाहीच वाढलं तर वेळेआधी बाहेर काढावं लागेल. आणि इतकं लहान बाळ..." त्यांनी पुढची तारीख लिहून दिली.

बुटकीने खाली पाहिलं. नुकतीच सोडलेली स्कर्टची कड पुन्हा गुडघ्याच्या वर गेली होती.

वेडेपणा आहे हा. विज्ञानात वर्गात पहिली येणाऱ्या मुलीला एवढं कळत होतं. तरी शुक्रवारी शाळेतून आल्या आल्या ती चौकटीपाशी उभी राहिली. या वेळी आधी स्वतःला मोजलं. उद्याचा सामना आठवला.

मग टेप न गुंडाळता ती ताईकडे गेली.

"आज रविवार नाही गं."

"हलू नकोस ना, ताई!"

टेप पोटाला लागली आणि आतून लाथ बसली. एवढी जोरात, की टेप उडाली. ताई हसता हसता रडायला लागली.

दुसऱ्या दिवशी सरांनी बुटकीकडे दोनदा पाहिलं आणि तिला राखीव खेळाडूंत बसवलं.

तिने आणखी दोनदा तसंच मोजलं. पुढच्या सोनोग्राफीत बाळ भरलेलं दिसलं. त्याच दिवशी तिने टेप घट्ट गुंडाळली आणि शिवणयंत्राच्या खणात कोंबली. पुरे. झाली परतफेड.

आईने स्कर्टची दुमड पुन्हा वर घेतली. आठवड्याने परत घेतली. दुसऱ्या वेळी टाचणी लावता लावता थांबून तिने बुटकीकडे पाहिलं.

"तू टेप काढली होतीस का?" एवढंच तिने विचारलं.

"नाही. शप्पथ."

आईने खण उघडून पाहिला. टेप होती तशीच होती. घट्ट गुंडाळलेली.

नववा महिना लागला. डॉक्टरबाई पडद्याकडे बघत खुशीत म्हणाल्या, "वा! आता तर जरा जास्तच वाढतंय. थांबायचं नावच नाही!"

"ऐकलंस का गं, बुटके? ये ना, बघ तरी!" ताईने हात पुढे केला.

भिंतीजवळच्या त्याच बाकावरून उठायला बुटकीने पाय खाली टाकले.

ते फरशीला टेकले नाहीत.