डिंकाला कुणी ओळखेना

"आमचं मांजर कुणीतरी बदललंय," ती दारातूनच म्हणाली.

मास्तरांना हसू आवरेना. पत्ताबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी खुर्ची ओढून दिली. "बसा. कुठलं मांजर, कधी बदललं आणि तुम्हाला कसं कळलं, याच क्रमाने सांगा."

पत्ताबाईंची सगळी नोकरी टपालखात्यात गेली होती, तीही पत्ता धड न लिहिलेल्या पत्रांच्या टेबलावर. अर्धं नाव आणि पुसट शिक्का यांवरून घर शोधून काढण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. निवृत्तीनंतर लोक आपली कोडी घेऊन थेट घरी येऊ लागले. मास्तर त्यांचे मावसभाऊ, चित्रकलेचे निवृत्त शिक्षक. मास्तरांच्या डोळ्यांना सगळं दिसतं, डोक्यात काही शिरत नाही, असं पत्ताबाईंचं मत होतं आणि ते त्या त्यांच्या तोंडावर सांगत.

आलेली बाई पुस्तकांना बाइंडिंग करायची. घरी तिला सगळे सूनबाई म्हणत, आपणही तेच म्हणू.

"पंधरा दिवसांपूर्वी बेकरीवाल्याकडून दोन पिल्लं आणली," सूनबाई सांगू लागली. "करड्याचं नाव पुठ्ठा, पिवळ्याचं डिंक. घरात सासऱ्यांची अकरा वर्षांची मांजर आहे, राणीसाहेब. बाबांनी अट घातली. पंधरा दिवसांत राणीसाहेबांनी पिल्लांना आपलं म्हटलं तर ठीक, नाहीतर दोन्ही परत. मी सगळं रीतसर केलं हो. पिल्लं वेगळ्या खोलीत ठेवली, पिल्लांच्या अंगाखालचं फडकं राणीसाहेबांना, त्यांचं पिल्लांना, मग दार किलकिलं ठेवून दोन बाजूंना वाट्या. बाराव्या दिवशी तिघं एका सतरंजीवर झोपली. मला आभाळ ठेंगणं झालं."

"आणि काल?"

"काल संध्याकाळी सहाला राणीसाहेब डिंकावर अशा फिस्कारल्या, जणू जन्मात पाहिलं नाही! त्यांचं एक वेळ सोडा. पुठ्ठासुद्धा फिस्कारला. सख्खा भाऊ! नाकावरचा पांढरा ठिपका तोच, शेपूट तेच, पण त्याला घरात कुणी ओळखेना. आज पंधरावा दिवस. चार वाजता बेकरीवाला पिल्लं न्यायला येतोय."

"संशय कुणावर आहे?"

"नणंदेवर. त्याच वेतातलं तिसरं पिल्लू तिने नेलंय. पिवळंच, नाकावर ठिपका. तिला डिंक हवा होता, मी जोडी तोडायला नाही म्हटलं, तेव्हापासून अबोला आहे. काल दोन ते पाच मी ग्रंथालयात पुस्तकं पोचवायला गेले होते. शेजारणीने तिला आमच्या दारात बघितलं. हातात झाकणाची टोपली, आत म्याँव. घराची एक किल्लीही आहे तिच्याकडे."

"चोर सापडला," मास्तर म्हणाले.

"चपला घाला," पत्ताबाई म्हणाल्या.

घराची पुढची खोली म्हणजे कामाची जागा. पुस्तकं दाबायचा लोखंडी दाब, पुठ्ठ्यांची थप्पी, मेण लावलेल्या दोऱ्यांची रिळं, आणि टेबलावर फर्मे, म्हणजे पानं दुमडून केलेले गठ्ठे, जे एकमेकांना शिवले की पुस्तक होतं.

"पसारा बघू नका," सूनबाई कुलूप काढत म्हणाली. "कामाचा इतका रेटा आहे की आपण काय केलं तेही आठवत नाही. परवा चार फर्मे शिवायचे राहिले म्हणून बसले, तर शिवून झालेले! माझेच हात आणि मलाच खबर नाही."

"पिल्लं इथे येतात?"

"सक्त मनाई. खोली कायम बंद."

"या खोलीच्या किल्ल्या किती?"

"दोन. एक माझी. दुसरी बाबांकडे, नुसती मानाची. चाळीस वर्षं त्यांनीच इथे काम केलं. मग नजर मंदावली, आता जवळचं तेवढं पुसट दिसतं. गेल्या वर्षी सुई तळव्यात आरपार घुसली, तेव्हा त्यांनीच सगळ्यांसमोर शब्द दिला की पुन्हा सुईदोऱ्याला हात लावला तर ही किल्लीही काढून घ्या."

आत डिंक पलंगाखाली अंग चोरून बसला होता. पत्ताबाईंनी त्याला उचललं आणि त्याच्या मानेला नाक लावलं.

"औषधाचा वास येतोय."

"तो घरातच असतो. हे रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत आहेत ना, त्यांच्या कपड्यांना वर्षानुवर्षं तोच वास."

"काल ते किती वाजता आले?"

"आठला."

पत्ताबाईंनी पिल्लू मास्तरांच्या पुढ्यात ठेवलं. "याचं चित्र काढा. आणि बोका आहे ना, तेही बघा."

"बोकाच. दोन्ही बोके," सूनबाई म्हणाली.

मास्तरांनी वही उघडली आणि थोड्याच वेळात कुरकुर सुरू केली. "पुढच्या उजव्या पायावर केस आखूड आहेत, ताई. टपालाच्या तिकिटाएवढा चौकोन. तिथे छटा बसतच नाही. चांगलं चित्र बिघडलं."

"आहे तसंच काढा," पत्ताबाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात आता चांगलीच खुशी होती.

सासऱ्यांची खोली घरातल्या बोळाच्या टोकाला होती. "हळू," पत्ताबाई अगदी कुजबुजल्या, "म्हातारबुवा झोपले असतील."

"म्हातारबुवा जागे आहेत!" आतून खणखणीत आवाज आला. "डोळे गेलेत, कान नाही!"

सासरे आरामखुर्चीत होते. मांडीवर राणीसाहेब ऐसपैस पसरल्या होत्या.

"काल दुपारी कुठे होतात?"

"इथेच. झोपलो होतो. कुणी आलं नाही, कुणी गेलं नाही. माझी झोप म्हणजे पाल चुकचुकली तरी जाग येते."

"तुमची मुलगी आली होती म्हणतात."

"माझी मुलगी मांजरं चोरत नाही." त्यांनी मान फिरवली.

"पिल्लं जावीत असं तुम्हाला वाटतं?"

सासरे राणीसाहेबांची पाठ थोपटत राहिले. "अट घातलीय. दिला शब्द मोडायचा कसा?"

दोघं निघाले तेव्हा मागून पुन्हा आवाज आला. "त्या पिवळ्याला दोन दिवस पातळच काहीतरी द्या म्हणावं. घट्ट नको."

नणंदेचं इस्त्रीचं दुकान दोन गल्ल्या पलीकडे होतं. प्रश्न ऐकताच ती इस्त्रीपेक्षा जास्त तापली.

"मी चोर? वहिनी असं म्हणाली? ही बघा, ही बसलीय कपड्यांवर. रोज माझ्या उशीवर झोपते, सकाळी केस ओढून मला उठवते. मी हिला सोडून त्या डिंकाला आणीन?"

"मग काल टोपली कसली?"

"हिलाच बाबांना दाखवायला नेली होती. तीन वाजता तीनदा बेल दाबली, शेवटी हाकाही मारल्या. आत सामसूम. माझी किल्ली दुकानात राहिली होती, आले परत."

बाहेर पडल्यावर मास्तर म्हणाले, "धडधडीत खोटं. घरात माणूस असताना दार कोण उघडणार नाही?"

"मास्तर, कधी कधी तुम्ही नेमका प्रश्न विचारता. फक्त उत्तर यायच्या आत पुढे जाता," पत्ताबाई म्हणाल्या आणि नणंदेला बरोबर घ्यायला परत फिरल्या.

पावणेचारला सगळे पुढच्या, कामाच्या खोलीत जमले. बेकरीवाला वेळेआधीच रिकामं खोकं घेऊन हजर होता. सूनबाईने पुठ्ठ्याला छातीशी धरलं होतं. नणंद तिच्याकडे पाठ करून बसली होती, मांडीवर टोपली. सासरे दाराशी उभे होते, बसायला तयार नव्हते.

"पहिली गोष्ट," पत्ताबाई म्हणाल्या. "मांजर बदललेलं नाही. डिंक बोका आहे. आणि दुकानात या बाई सारखं 'ही झोपते, ही उठवते' म्हणत होत्या. टोपली उघडा."

मास्तरांनी टोपलीत डोकावून खात्री केली. "भाटी आहे, मादी," त्यांनी जाहीर केलं.

सूनबाईची मान खाली गेली.

"दुसरी गोष्ट. मांजर मांजराला तोंडावरून ओळखत नाही, वासावरून ओळखतं. डिंकाच्या अंगाचा वास कालपासून औषधाचा आहे. तुम्हाला वाटलं, तो यजमानांच्या कपड्यांचा. पण त्या वासाला राणीसाहेब वर्षानुवर्षं सरावल्यात. शिवाय यजमान आठला आले, फिस्कारणं सहाला झालं. मग वास आला कुठून? मास्तर, चित्र दाखवा. पायावर चौकोनात केस कापलेत. शिरेत सुई द्यायची असली की डॉक्टर तिथले केस काढतात. काल दोन ते पाचच्या मध्ये डिंक जनावरांच्या डॉक्टरकडे जाऊन आलाय."

"कशाला? काय झालं होतं त्याला?" सूनबाई ओरडलीच. "आणि नेलं कुणी?"

पत्ताबाईंनी चष्मा पुसायला घेतला. "घरात एकच माणूस होता. पाल चुकचुकली तरी ज्याला जाग येते, त्याला तीनदा वाजलेली बेल ऐकू आली नाही. कारण तीन वाजता तो घरात नव्हताच. मला कारणही ठाऊक आहे. पण ते सांगायचा मान माझा नाही."

सासरे चौकट धरून एक पाऊल आत आले.

"दोरा गिळला त्याने," ते म्हणाले. "माझा दोरा."

"बाबा?"

"तू बाहेर गेलीस की मी पुढच्या खोलीत बसतो. महिना झाला. एकेक फर्मा शिवतो, बोटांनी चाचपून. काल हा मागून कधी शिरला कळलं नाही. पायाशी पिवळं काहीतरी हललं, वाकून बघतो तर दोऱ्याचं टोक त्याच्या तोंडात, आणि बघता बघता गडप. पुस्तकांच्या पिशवीत घातला नि पळालो. डॉक्टरांनी सुई देऊन ओकारी काढली. वीतभर दोरा निघाला. आणखी तासभर गेला असता तर आतडी कापली असती म्हणाले. इतका घाबरलो मी, इतका घाबरलो."

"मग सांगितलं का नाही?" नणंद म्हणाली. "वहिनी मला चोर समजली!"

"बोललो तर किल्ली जाते. न बोललो तर पिल्लू जातं. सकाळपासून तोंडाशी आलं नि गिळलं. पण उद्या पुन्हा दोरा खाली पडला तर? तेव्हा मी जागेवर नसलो तर?"

मास्तर पत्ताबाईंच्या कानाशी लागले. "ताई, तुम्हाला दोऱ्याचं कसं कळलं?"

"आपोआप शिवून झालेले फर्मे, मास्तर. शिवाय ज्यांना पिल्लं नकोत, ते पिल्लाला काय भरवायचं हे इतकं नेमकं सांगत होते. ते डॉक्टरांचे शब्द होते." मग मोठ्याने त्या म्हणाल्या, "ओला टॉवेल घ्या आणि त्याच टॉवेलाने तिघांनाही पुसा. दोन दिवसांत वास जाईल. बाराव्या दिवशी तिघं एका सतरंजीवर झोपली, म्हणजे अट तेव्हाच पुरी झालीय."

"खोकं रिकामंच नेतो मग," बेकरीवाला म्हणाला. त्याला वाईट वाटल्याचं काही दिसलं नाही.

सूनबाई नणंदेपाशी गेली. "चुकले मी. माफ कर."

"करीन," नणंद नाक ओढत म्हणाली. "आधी हिला भावांशी खेळू दे."

तोवर सासऱ्यांनी किल्ली टेबलावर ठेवली होती आणि ते भिंत चाचपत आपल्या खोलीकडे निघाले होते. सूनबाईने टेबलावरून शिवलेले फर्मे उचलले, खिडकीशी नेले, टाक्यांवरून बोट फिरवलं.

"बाबा, थांबा. महिनाभर हे मी माझे टाके समजत होते. तुम्ही शिवा. पण दोरा डब्यात, दार लावलेलं, आणि मी घरात असतानाच. मी रोज शेजारी बसेन. चालेल?"

सासऱ्यांनी बाहीने डोळे पुसले आणि ते मागे वळले.

"शेजारी नको," ते म्हणाले. "समोर बस. शेजारी बसलीस की उजेड अडतो."