घुबडाची बोली

"सहाशेही मागे पडले," दादा म्हणाला आणि त्याने फोन उपडा ठेवला.

चष्मीने तो सुलटा करून आकडा पुन्हा बघितला. सहाशे रुपये म्हणजे तिची, दादाची आणि मावसभाऊ बटाट्याची सगळी पुंजी. बटाट्याने तर नव्या बॅटवरही पाणी सोडलं होतं.

तिघं सुट्टीला मामाकडे आले त्याच दिवशी मामाने घर आवरण्याचा सपाटा लावला आणि एक 'रिकामा' डबा जुन्या वस्तूंच्या दुकानदाराला देऊन टाकला. उघडून बघण्याची तसदी कोण घेणार! आत आजोबांनी आजीसाठी घडवलेली पत्र्याची बाहुली होती, चावी दिली की गिरकी घेणारी. आजी गेल्यावर आजोबा रोज सकाळी बाहुली नाचवायचे आणि मगच घड्याळं दुरुस्त करायला बसायचे. आता आठ दिवस ते टेबलाकडे फिरकले नव्हते.

मामा दुकानदाराच्या हातापाया पडून आला. बाहुली ऑनलाइन लिलावात आहे, हवी तर बोली लावा, एवढंच उत्तर मिळालं. मुलांनी बोली लावली की मिनिटभरात 'सोनेरी घुबड' नावाचं कुणीतरी त्यांच्या वर जायचं.

लिलाव संपायला तासभर उरला होता. बाहुली निदान कुणाकडे जाणार ते बघावं म्हणून चष्मीने घुबडाचं पान उघडलं आणि ती ताठ बसली. घुबडाने वर्षभरात अकरा वस्तू जिंकल्या होत्या, सगळ्या याच दुकानाच्या. त्यातल्या नऊ तिथेच पुन्हा विकायला होत्या.

"घुबड म्हणजे दुकानदारच आहे," ती म्हणाली. "आपण थांबलो तर बाहुली त्याच्याच गळ्यात पडेल. आता मामाकडून पैसे घेऊन बोली वाढवायचीच नाही."

"आणि तुझं चुकलं तर?"

चष्मीने फोन स्वतःकडेच ठेवला. चार वाजले आणि बाहुली घुबडाची झाली. बटाट्या उठून गेला. संध्याकाळी चष्मीने घुबडाची यादी पुन्हा पहिल्यापासून तपासली.

सकाळी दुकानदाराचा निरोप आला: घेणाऱ्याने माघार घेतली, तुमच्या सहाशेला देतो. दादा लगेच 'मान्य' दाबणार होता. चष्मीने फोन ओढून घेतला आणि लिहिलं, "दीडशे. आमची पहिली बोली तेवढीच होती. घुबड सोडलं तर दुसऱ्या कुणी बोली लावलीच नव्हती. त्याने जिंकलेल्या वस्तूंची यादी लिलाव चालवणाऱ्यांना पाठवू का?"

दुपारपर्यंत तिघांचा जीव टांगणीला लागला. मग दोनच शब्द आले: घेऊन जा.

पण आजोबांनी चावी फिरवली तेव्हा बाहुली हललीच नाही. दुकानदाराने साफसफाई करताना आतली स्प्रिंग तोडली होती. मामाने मान खाली घातली. सगळं फुकट गेलं असं वाटून चष्मीला रडूच फुटलं.

आजोबांनी बाहुली मांडीवर घेतली.

"माझं भिंग कुठंय?" त्यांनी विचारलं, आणि टेबलाजवळ स्टूल ओढलं. "तू दिवा धर," ते मामाला म्हणाले. "आणि यापुढे घरातलं काही टाकायचं असेल, तर आधी चष्मीला विचार."