नवाचा ताळा

बापाला, पिरीस मास्तरांना, पुरून ओदिलिया घरी आली आणि तिने त्यांचं कपाट उघडलं. काळी वही गायब होती.

त्या वहीत मास्तरांची अकरा वर्षं होती. एक एकोणीस अंकी संख्या कोणत्या दोन मूळ संख्या गुणून बनते, ते त्यांनी हाताने शोधलं होतं. जाहीर करायच्या आदल्या दिवशी ते गेले.

प्रेतापाशी एकेकटे बसलेले दोघेच. रविवारच्या बाजारात जुनी पुस्तकं विकणारा तिचा मावसभाऊ ताबारे, आणि थडग्याशी भाषण करून सगळ्यांना रडवणारे विद्यापीठातले डॉक्टर बेरियेल.

"ताबारे, वही कुठंय?"

"मला काय ठाऊक? ती आकडेमोड कोण विकत घेणार? मी येर्बाच्या चहासाठी पाणी तापवायला गेलो, तेव्हा डॉक्टर होते की."

"तू घेतली नाहीस?"

"बापावर गेलीस अगदी! एकदा त्यांचं कोष्टक चोरलं गेलं, तेव्हापासून त्यांचाही कुणावर भरवसा नव्हता."

ओदिलियाने कपाट बंद केलं. तीन आठवडे कुणापाशी चकार शब्द काढला नाही. मग माँतेविदेओच्या गणित मंडळाची पत्रिका आली. संख्या फोडली होती डॉक्टर बेरियेल यांनी.

तिने दोन्ही अवयव अंकाअंकाने वाचले. एकात मध्येच ४९१७ होतं. ती हसली. आधी याला गाडायचा, मग रडायचं, असं तिने ठरवलं.

शनिवारच्या सभेत मंडळाच्या नोंदवहीत शोधकाचं नाव चढणार होतं. ती उभी राहिली.

"डॉक्टर, किती वर्षं लागली?"

"नऊ."

"बाबांची वही पाहिली होती?"

"छे! पोरी, तुझं दुःख कळतं मला. पण संख्येचे मूळ अवयव ठरलेले असतात. कुणीही शोधले तरी तेच सापडणार. सत्य कुणाच्या बापाचं नसतं."

सभा हसली. ओदिलियाची कानशिलं तापली, पण आवाज चढला नाही.

"ताळा केलात?"

"नवाचा. शाळेत शिकवतात तोच. जुळला."

"मग फळ्यावर गुणून दाखवा."

अर्धा तास खडू करकरला. सुरुवातीचे आणि शेवटचे काही अंक जुळले, मधे सगळा गोंधळ. डॉक्टरांनी कपाळ पुसलं.

"छापताना चूक झाली असेल."

पत्रिकेच्या संपादकांनी डॉक्टरांचं हस्तलिखित वर धरलं. त्यातही तेच अंक होते.

ओदिलियाने खडू घेतला. ४९१७ पुसून ४१९७ केलं आणि पुन्हा गुणलं. एकोणीसच्या एकोणीस अंक जुळले.

"कोष्टक चोरलं गेल्यापासून बाबा वहीतल्या प्रत्येक मोठ्या उत्तरात शेजारचे दोन अंक उलटे लिहायचे. खरं उत्तर माझ्याकडून पाठ करून घ्यायचे. अंक उलटवले तरी त्यांची बेरीज तीच राहते, आणि नवाचा ताळा बेरजेवरच चालतो. म्हणून तो जुळला. खरं उत्तर सगळ्यांचं सारखं असतं, डॉक्टर. चूक मात्र ज्याची त्याची असते. ही माझ्या बापाची आहे."

"साधा गुणाकार, बेरियेल!" संपादक ओरडले. "तेवढाही का नाही केलात?"

"पिरीस कधी चुकत नसे," डॉक्टर पुटपुटले.

मग आपण काय बोलून बसलो ते त्यांना कळलं. सभेला त्याआधीच कळलं होतं.

"चिटणीस, नाव लिहा," ओदिलिया म्हणाली. तिने बापाचं नाव स्पष्ट सांगितलं, शाई वाळेपर्यंत थांबली, आणि मग खाली बसून पोटभर रडली.