मवेरा सुटला तेव्हा

दुपारचं जेवण उरकून टिवोंगे स्टुडिओत परतली, तर तिच्याच खुर्चीत रेडिओ खात्याचे तपासनीस म्सिस्का साहेब बसलेले. खिडकीबाहेर मालावी सरोवर निवांत चकाकत होतं. काठावरच्या या चिमुकल्या रेडिओ केंद्राची तंत्रज्ञ टिवोंगे, आणि निवेदिकाही तीच.

"मनोऱ्यावरून परवान्यापेक्षा जास्त शक्ती बाहेर पडतेय," साहेब म्हणाले. "पलीकडच्या देशाची तक्रार आहे. आत्ताच्या आत्ता कमी करा."

तिला काय ते ठाऊक नव्हतं? जास्त तिनेच ठेवली होती. परवान्याएवढ्या शक्तीत आवाज गावापुरताच पोहोचायचा, आणि मासेमारीच्या नावा जायच्या खोल पाण्यात. मवेरा वारा सुटला की लाटा नाव उलटवतात. म्हणून प्रत्येक नावेत एक रेडिओ असे, टिवोंगेची सूचना ऐकायला.

"आज नको, साहेब. दक्षिणेकडचं पाणी काळं पडलंय, मवेरा येणार. माझा नवरा आत सरोवरात आहे."

"वारा माझ्या खात्यात येत नाही, बाई."

"मग बुडणारी माणसं कुणाच्या खात्यात येतात?"

साहेबांनी उठून स्वतःच प्रक्षेपणाच्या मशीनचं बटण फिरवून शक्ती कमी केली. टिवोंगे माइककडे झेपावली, तर त्यांनी त्याची वायर उपटली. तिला संताप आला.

मशीनचा काटा उतरला. मनोऱ्यावरून किती शक्ती बाहेर पडते ते दाखवणाऱ्या, साहेबांच्या हातातल्या मापकाचा काटा मात्र ढिम्म हलला नाही.

त्यांनी अँटेनाची केबल काढली आणि मशीन चाचणीच्या पेटीला जोडलं. ही पेटी सगळी शक्ती पोटात घेऊन नुसती तापते, बाहेर काही जाऊ देत नाही. पेटी तापली. मापकाचा काटा होता तिथेच.

तेवढ्यात टेबलावरचा बॅटरीचा रेडिओ बोलू लागला.

"मवेरा येतोय. काठाला लागा."

आवाज म्हाताऱ्या पुरुषाचा होता. केंद्रात असा कुणी नव्हता. दमल्यासारखा थांबत थांबत तो एकेका नावेचं नाव घेत होता.

"बंद करा ते," साहेब म्हणाले.

"काय बंद करू? सगळं तर तुम्हीच उपटलंत."

साहेबांनी मेन स्विच खाली ओढला. मशीनचा पंखा थांबला.

आवाज चालूच होता.

साहेबांनी रेडिओकडे हात नेला. टिवोंगेने तो उचलून छातीशी धरला.

"परवाना रद्द करीन मी."

"खुशाल करा. मला भीती वाटतेय, पण तुमची नाही."

संध्याकाळच्या आत सगळ्या नावा काठाला लागल्या. पाठोपाठ लाटा आल्या. टिवोंगेचा नवरा लुसुंगु नखशिखांत भिजून वाळूत उतरला, तशी ती त्याला बिलगली.

"रेडिओवर कोण बोलत होतं रे? आवाज ओळखलास?"

"कुठला रेडिओ? तो तर सकाळीच पाण्यात पडला."

"मग तू परत कसा फिरलास?"

लुसुंगुने आजूबाजूला पाहिलं. बाकीचे नावाडी जाळी आवरत होते.

"आवाज नावेच्या तळाच्या फळीखालून, पाण्यातून येत होता," तो हळूच म्हणाला. "तळपायांना लागत होता."