बरगडीखालची ऊब

मिरजेत आता साखरेच्या रोग्याचा पाय कुणी कापत नाही. लाकडी पाय करणारे कारागीर केव्हाच दारं-खिडक्यांच्या कामाला लागले. पाय काळा पडायला लागला की त्यात ‘शिरादूत’ सोडतात. शिरादूत म्हणजे माणसाळवलेला विषाणू. तो पेशींत शिरून एक प्रथिन तयार करतो आणि ते प्रथिन सारखं एकच ओरडत राहतं, ‘इकडं रक्त पाठवा!’ शरीर बिचारं भोळं. हाक आली की ते नव्या रक्तवाहिन्या पाठवतं. भूपाल मगदूमचा कोळसा झालेला अंगठा असाच पुन्हा गुलाबी झाला होता आणि म्हातारा रोज नदीपर्यंत चालून येत होता.

गाव कौतुक करत होतं. त्याची बायको राजमती तेवढी गप्प होती. जन्मभर दूध-दह्याचा धंदा केलेली बाई ती. पातेल्यातलं दूध वाढलं तर पाणी कुणी घातलं, हे विचारल्याशिवाय तिला चैन पडत नसे. एवढं रक्त आलं कुठून, आणि पायाशिवाय आणखी कुठं गेलं? त्यात नवराही बदलला. रोज तिच्याकडून पाठीला तेल लावून घेणारा माणूस वैशाखाच्या उकाड्यात अंगातली बंडी काढेना. ‘गुदगुल्या हुतात’ म्हणे. या वयात! कुठंतरी पाणी मुरत होतं.

एका दुपारी तो घोरत असताना तिनं बंडीखाली हात घातला. विरजण लावण्याआधी दुधात बोट बुडवायची तिची सवय. कोमट कुठलं आणि कढत कुठलं, ते बोट चुकत नसे. सगळी पाठ कोमट होती. उजव्या बरगडीखालची रुपयाएवढी जागा मात्र चांगलीच गरम लागली.

दुसऱ्या दिवशी ती मिरजेला जाऊन डॉ. निवेदिता केळुसकरांसमोर बसली. शिरादूत त्यांच्याच प्रयोगशाळेत जन्मला होता.

“डॉक्टरीणबाई, मला येड्यात काढू नका. त्यांच्या पाठीत काय हाय?”

केळुसकरांनी उगीचच चष्मा पुसला. “काकू, उतारवयात पुष्कळांच्या अंगात तिळाएवढ्या गाठी असतात. कर्करोगाच्याच, पण उपाशी. रक्त पोचत नाही म्हणून त्या वाढत नाहीत, आणि माणूस दुसऱ्याच कशानं तरी जातो. निसर्गातले काही विषाणू पेशींत शिरून रक्ताला खोटी हाक मारतात आणि गाठी पोसतात. ती हाक आम्ही उचलली आणि पायाच्या कामी लावली. पायाबाहेर ती ऐकू जाणार नाही, असं वाटलं होतं.”

“म्हंजे आमच्या नावावर सोडलेलं पाणी शेजाऱ्यानं पळवलं.”

“हो. अगदी तसंच.”

“उतारा न्हाई?”

“आहे. एक भुकटी आहे. पोटात गेली की हाक बंद. नव्या शिरा सुकतात, गाठ परत उपाशी.”

“आन पाय?”

“पायही सुकणार. तो मग कापावाच लागेल.” केळुसकरांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. “निरोगी माणसाला भुकटीनं काही होत नाही, पिठीसाखर समजा. पण काकांना दोन्हींतलं एकच मिळेल. हे सगळं त्यांना मी मागंच सांगितलंय, काकू. पुडीही दिलीय. ‘घरात बोलू नका’ म्हणाले.”

राजमतीच्या डोक्यात तिडीक गेली. जिच्यावर संशय घेऊन आली ती बाई खरं बोलत होती, आणि चोर घरातच होता!

“त्यांना न सांगता देऊ नका हं,” केळुसकर म्हणाल्या. “पाय त्यांचा आहे.”

“आन माणूस कुणाचा हाय?” म्हणून ती उठली.

घरी येऊन तिनं विषय काढला. भूपालनं नाकारलं नाही.

“थोरल्या भावाचे पाय कापल्यावर तो खाटंवर कसा सडला, तूच धुतलंयस त्याला. मला तसं ठिवू नगंस. चालीन तवर चालीन, मग जाईन.”

“आन मी?”

तो उठून नदीकडं चालायला लागला. राजमतीला ते फार लागलं.

पुडी त्याच्या दाढीच्या डब्यात सापडली. तिनं भुकटी काढून घेतली, पुडीत पिठीसाखर भरली आणि होती तशी ठेवून दिली.

त्यांच्या जैन घरात जेवणं दिवस मावळायच्या आत. त्या संध्याकाळी दह्याची वाटी पुढं आली तसा भूपाल उठला, डबा उघडून बघून आला. पुडी जागेवर होती. तरीही त्यानं वाटी तिच्याकडं सरकवली.

“आधी तू खा.”

आख्खा संसार झाला, असं तो कधी म्हणाला नव्हता. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. एवढा अविश्वास! आणि तो खोटाही नव्हता, याचं दुःख जास्त. तिनं दोन चमचे दही खाल्लं. “झ्याक लागलंय,” म्हणाली.

भूपाल ओशाळला. “म्हातारपणी माणूस संशयी हुतंय बघ,” म्हणत त्यानं वाटी बोटानं पुसून खाल्ली.

आठवड्यानं एका पहाटे तिनं त्याच्या पाठीला हात लावला. बरगडीखालची ऊब गेली होती. ती उठून पायथ्याशी बसली आणि तिनं त्याचा अंगठा हातात धरला. तोही गार होता.

त्याला जाग आली. बाहेर पहाटेसुद्धा वैशाखाचा उकाडा होता.

“राजमती, जरा पायावर पांघरूण घाल गं,” तो म्हणाला. “आज गारठा लई पडलाय.”

तिनं पांघरूण घातलं.